गरोदर बाईला मशेरीबद्दलही विचारा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,


प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहिले जाते. त्या रांगेत सकाळी मशेरी लावून आलेल्या बायाही असतात. मशेरीबद्दलही विचारपूस व्हावी आणि ती सोडायला मदत मिळावी, यासाठी हे पत्र.

"तंबाखू खाता का?" असे विचारले, तर मशेरी लावणारी बाई मनापासून "नाही" म्हणते. तिच्या लेखी ती दात घासते. पण तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, तरी ती तंबाखूच. तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात आणि वारेतून बाळापर्यंत जाते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीच लावत होत्या. इतर कारणांचा हिशेब करूनही त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही त्यांना जास्त होता.

रागावून ही सवय सुटत नाही. "बाळाच्या जिवावर उठलीस का?" असे ऐकलेली बाई पुढच्या खेपेला खरे सांगत नाही. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, ही तिची तक्रार ऐकून घ्या आणि त्यावर उपाय सांगा. सोडल्यावर सुरुवातीचे दिवस चिडचिड होते, डोके जड होते. तेव्हा आशाताई दारी आली, तर बाईला धीर येतो. सासू, जाऊ मशेरी लावत असतील, तर त्यांच्याशीही बोलायला हवे. एकटीने सोडणे फार अवघड.

पहिल्या तपासणीला आणि नंतर प्रत्येक वेळी तंबाखूबद्दल विचारा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगितले आहे. म्हणून विनंती अशी: प्रश्नात मशेरीचे नाव घ्यायला सांगा. समुपदेशन कसे करायचे, हे नर्सताई आणि आशाताईंना शिकवा. या जादा फेऱ्यांचा मोबदला आशाताईंना द्या. आणखी एक काम त्यांच्यावर फुकट लादू नका. आणि बाळंतपणानंतर ही विचारपूस थांबवू नका. निकोटिन आईच्या दुधातही उतरते आणि सुटलेली मशेरी पुन्हा हाती येण्याची भीती तेव्हाच जास्त असते.

आपली,
एक नागरिक