भिलाईचे सेक्टर कोणाचे?

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग स्थानक सोडून पुढे निघाली की थोड्याच वेळात भिलाई लागते. रुळांच्या दक्षिणेला पोलाद कारखान्याची आखीव वसाहत आहे, उत्तरेला सुपेला, कॅम्प आणि इतर दाट वस्त्या. दोन्ही मिळून एकच महानगरपालिका, २०११च्या जनगणनेप्रमाणे सुमारे सव्वासहा लाख लोकसंख्येची. परंतु दोन्हीकडचा नागरिक मात्र एकसारखा घडलेला नाही, आणि वसाहतीच्या पुनरुज्जीवनाची चर्चा करतांना हीच गोष्ट सर्वांच्या नजरेतून निसटते, असे माझे मत आहे.

सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. चारच वर्षांनी, १९५९च्या फेब्रुवारीत, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबरच वसाहत उभी राहिली. सेक्टरमध्येच शाळा, बाजार, दवाखाना, मैदान. मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे, ही त्यामागची दृष्टी. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली ‘शेजार’ हा नगररचनेचा घटक म्हणून मांडला होता, त्याच कुळातली ही कल्पना. विदर्भातून, आंध्रातून, केरळातून, बंगालमधून आलेली कुटुंबे एकाच रांगेत राहू लागली. बृहन्महाराष्ट्रातील कित्येक मराठी घरांचा संसार या सेक्टरांमध्येच उभा राहिला. त्या पिढीला ज्या सोयी मिळाल्या त्या त्यांच्या गावी स्वप्नातही नव्हत्या, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

पण सर्व काही मिळत गेले, आणि तेही वरून. नळ गळू लागला की तक्रार नोंदवायची, झाड पडले की तक्रार नोंदवायची. घर कारखान्याचे, रस्ता कारखान्याचा, बागही कारखान्याची. राहणारा तेथे रहिवासी नव्हता. तो ‘अलॉटी’ होता.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सेक्टरमध्ये एका परिचितांकडे उतरलो होतो. मूळचे वऱ्हाडातले, वयाने पंच्याहत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर कारखान्यात काम केलेले. संध्याकाळी आम्ही समोरच्या बागेत बसलो. झोपाळ्याची एक साखळी तुटून लोंबत होती. केव्हापासून, असे विचारले तर म्हणाले, “झाले असेल वर्ष.” मग स्वतःच हसले. “तुम्हाला गंमत सांगतो. या गल्लीत निवृत्त वेल्डर आहेत, फिटर आहेत. भारतीय रेल्वेचे रूळ आमच्या हातचे. आणि नातवंडांचा झोपाळा जोडायला कोणी उठत नाही. बाग आपली नाही ना!”

त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

कारखान्याचे उत्पादन वाढत गेले आणि मनुष्यबळ घटत गेले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात तक्रारीचे कारण दिसणार नाही. परंतु ज्या वसाहतीचा सारा हिशेब कर्मचारीसंख्येवर बेतलेला, तिथे घरे रिकामी पडू लागतात. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. या शतकाच्या आरंभी काही हजार घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. बाकीचे निवृत्त लोक परवान्यावर राहिले किंवा घर सोडून गेले. उद्या आपण येथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो अंगणात आंब्याचे रोप कशाला लावील?

उलट रुळांच्या पलीकडे पाहा. कारखाना उभारणाऱ्या मजुरांचे जे तात्पुरते तळ, त्यांचेच कॅम्प-१ आणि कॅम्प-२ झाले. गटारे अपुरी, गल्ल्या अरुंद. त्या जीवनाचे कौतुक करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण तेथे माणसे नळासाठी एकत्र येतात, नगरसेवकाला जाब विचारतात. याहून मोठे उदाहरण दल्ली-राजहराचे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या या खाणगावी, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेतील खाणमजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभारले. १९८३ साली ते सुरू झाले. कायम कामगारांना सेक्टर-९चे भव्य रुग्णालय मिळाले होते. ज्यांना काही मिळाले नव्हते, त्यांनी स्वतः उभे केले.

मग वसाहतीतल्या लोकांना वंचित ठेवावे काय? अर्थातच नाही. मुद्दा अधिकाराचा आहे. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीनंतर तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. वसाहतीतील मतदार महापालिकेला मत देतात, पण पायाखालची जमीन कारखान्याची असल्याने त्यांच्या नगरसेवकाच्या हाती फारसे काही उरत नाही. मत एकीकडे आणि व्यवस्थापन दुसरीकडे, अशी ही रचना.

घरे स्वस्तात विकून टाकावीत, ही मागणी मला पटत नाही. ती सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि मोकळ्या बाजारात ती वेल्डरच्या नव्हे तर जमिनीच्या दलालाच्या हाती जाईल. परंतु राहणाऱ्याला पंचवीस-तीस वर्षांची निश्चिती, वारसाला हक्क, डागडुजीची मुभा आणि रिकाम्या घरांत तरुण भाडेकरू ठेवण्याची सोय, इतके देण्यास कोणते तत्त्व आड येते? त्याबरोबर बाग, मैदान आणि समाजभवन यांची देखभाल सेक्टरच्या समितीकडे सोपवावी. आज त्यावर होणाऱ्या खर्चाचा काही भाग तिच्या हाती द्यावा व हिशेब फळ्यावर लावण्याची अट घालावी. पहिल्या वर्षी चुका होतील, एखाद्या ठिकाणी भांडणेही होतील. आम्ही अधिकारी त्या भांडणांना फार भितो. फाइल स्वच्छ राहावी हा आमचा स्वभाव.

सुरुवात सर्व सेक्टरांत एकदम करू नये. जेथे निवृत्तांची संख्या मोठी आहे असा एकच सेक्टर निवडावा, आणि पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर झोपाळ्याची साखळी ठेवावी.