काल्पनिक म्हणे!

'−१ ला वर्गमूळ आहे असं समजा' म्हणून संमिश्र संख्या शिकवणं बंद करा राव! का समजायचं? क्ष² + १ = ० ला उत्तरच नाही म्हटलं, तर कोणाचं काय अडतं?

अडलं ते घनसमीकरणात. क्ष³ = १५क्ष + ४ चं एक उत्तर सरळसरळ ४. पण कार्दानोचं सूत्र लावा, मधेच −१२१ चं वर्गमूळ, म्हणजे ११आय, येऊन बसतं. २ + ११आय आणि २ − ११आय यांची घनमुळं काढून बेरीज करायची. १५७२ साली बॉम्बेल्लीने ती काढली: २ + आय आणि २ − आय. (आय² = −१ धरून २ + आय चा घन स्वतः करून बघा.) बेरीज केली, आय उडाला, उरले ४!

हे आधी सांगा, मग खुशाल पन्नास गणितं घाला. नाहीतर पोरं इंजिनियर होतात तरी 'काल्पनिक' ते काल्पनिकच राहतं.