ऑनलाईन प्रशिक्षण: फक्त बघू नका, करून दाखवा

ऑनलाईन शिकून उपचार नीट जमतात का, अशी शंका अनेकांना येते. माझ्या मते जमतात. पण शिकणारा नुसता श्रोता नसेल तरच.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना तज्ज्ञाकडे जायला लांबचा प्रवास करावा लागे. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये तेथे 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. दूरच्या दवाखान्यांतील डॉक्टर व्हिडिओवर आपल्या रुग्णांची माहिती मांडत, तज्ज्ञ मार्गदर्शन करत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या दवाखान्यांत ५८.२ टक्के, तर विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला. म्हणजे गावातला उपचारही तितकाच चांगला ठरला. हे भाषणाने नव्हे, प्रश्नोत्तरांनी साधले.

तुम्हीही हेच करा. घरी इन्सुलिन घेण्याचे प्रशिक्षण व्हिडिओ कॉलवर असेल तर कॅमेरा चालू ठेवा. सुई बदलणे, डोस लावणे, पेनचे बटण दाबल्यावर दहा अंक मोजून सुई काढणे, हे सर्व शिकवणाऱ्याला करून दाखवा. चूक तिथेच सुधारेल.

मात्र सीपीआरला हे पुरत नाही. प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायची असते. तो जोर कॅमेऱ्यातून कळत नाही. माहिती ऑनलाईन घ्या, पण पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव जरूर करा. वेळ आली की आपला हातच कामी येतो.