जेनी लिंडचें कारभारीपण

आमच्या ख्रिस्ती घरांत गायनाविषयीं दोन मतें वारंवार ऐकूं येतात. एक असें कीं, उपासनेंत चार गीतें सुरांत म्हणतां आलीं म्हणजे पुरे. त्यापलीकडील गाणें हा ऐहिक छंद होय. दुसरें असें कीं, गळा ही देवाची देणगी आहे; ती ज्याला मिळाली त्याला ती मिळालीच, मग शिक्षणापायीं वेळ व पैसा कशाला दवडावा? हीं दोन्ही मतें मला चुकीचीं वाटतात. आणि त्यांची पारख करण्यास जेनी लिंड या स्वीडिश गायिकेच्या चरित्रासारखें दुसरें चरित्र क्वचितच सांपडेल.

जेनी ही ऑपेरांत, म्हणजे पाश्चात्यांच्या संगीत नाटकांत, गाणारी सोप्रानो होती. स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच जातीस सोप्रानो म्हणतात. तिचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजीं स्टॉकहोम येथें झाला. घरीं पैसा बेताचा आणि शांतता त्याहून बेताची. नऊ वर्षांची असतां ती आपल्या मांजरापुढें गात बसली होती. राजनाट्यगृहांतील एका नर्तकीच्या दासीनें तें गाणें ऐकिलें, आणि त्या निमित्तानें तिला त्या नाट्यगृहाच्या शाळेंत प्रवेश मिळाला. १८३८ सालीं वेबरच्या 'डेर फ्रायशुट्झ' या ऑपेरांत आगाथेची भूमिका करून तिनें स्टॉकहोमकरांचीं मनें जिंकलीं. येथवरची कथा ऐकून कोणीही म्हणेल, "पाहा, देणगी असली म्हणजे झालें!" परंतु चरित्राचीं पुढचीं पानें उलटून पाहावीं.

तीनच वर्षांत अतिश्रमानें व सदोष सवयींनीं तो कंठ थकला. १८४१ सालीं ती पॅरिसला मानुएल गार्सिया या विख्यात गुरूकडे गेली. गार्सियांनीं तिचें गाणें ऐकून स्पष्ट सांगितलें कीं, गळा झिजला आहे. सहा आठवडे मुळींच गाऊं नये. जिला स्वदेशीं राजदरबारची गायिका म्हणून मान मिळाला होता, तिनें तो आदेश शिरसावंद्य मानिला. मौनाची मुदत संपल्यावर श्वास कसा घ्यावा, स्वर कसा लावावा, येथपासून तिनें पुनः आरंभ केला, आणि जवळजवळ वर्षभर शिष्यत्व पत्करिलें. ह्याच गार्सियांनीं पुढें १८५४ सालीं लहानशा आरशाच्या साह्यानें जिवंत माणसाचा कंठ आंतून पाहण्याची युक्ति काढिली. अशा गुरूपुढें देणगीची बढाई चालत नाहीं. १८४४ सालीं बर्लिननें आणि १८४७ सालीं लंडननें ज्या स्वराचा जयजयकार केला, तो जन्मजात जितका होता तितकाच कमावलेलाही होता.

आतां पहिल्या मताकडे वळूं. मे १८४९ मध्यें, कीर्तीच्या शिखरावर असतां, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं जेनीनें ऑपेराची रंगभूमि सोडिली. तिची धर्मवृत्ति पाहतां पुष्कळांनीं यावरून असा अर्थ काढिला कीं, संगीतकला हीच त्याज्य आहे. पण तिनें सोडिलें तें नाट्यगृह, गाणें नव्हे. संगीतकार मेंडेल्सोन हा तिचा स्नेही. त्यानें 'एलायजा' या धर्मसंगीतकृतींतील सोप्रानोचा भाग तिचाच आवाज मनांत धरून लिहिला होता. १८४७ सालीं तो निवर्तला. १८४८ च्या डिसेंबरांत लंडन येथें तिनें ती कृति गाइली, व जमलेल्या सुमारें एक हजार पौंडांतून त्याच्या नांवें शिष्यवृत्ति उभी राहिली. १८५६ सालीं तिचा पहिला मानकरी झाला आर्थर सलिव्हन हा चौदा वर्षांचा मुलगा. तो पुढें इंग्लंडचा नामांकित संगीतकार झाला.

१८५० सालीं बार्नम नांवाच्या तमाशे भरविणाऱ्या व्यापाऱ्यानें तिला अमेरिकेस नेलें. त्यानें जाहिरातींचा एवढा गवगवा केला कीं, तिकिटांचे लिलाव झाले. पहिलें तिकीट एका टोपीविक्यानें २२५ डॉलरला घेतलें. तिनें मेहनतानाही थोडाथोडका ठरविला नव्हता. दर जलशास एक हजार डॉलर, असा करार होता. मग यांत त्याग कोठें, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, कारभारी हा भिकारी नसतो. तो धन्याच्या मालाचें पुरतें मोल घेतो, आणि तें कोणासाठीं घेतलें हें विसरत नाहीं. पहिल्या जलशांतील आपला हिस्सा तिनें न्यूयॉर्कमधील धर्मादाय संस्थांस दिला, आणि अमेरिकेंतील प्राप्तीचा मोठा भाग स्वीडनमधील गरिबांच्या मुलांच्या शाळांकडे वळविला. १८५१ सालीं तो बाजारी गवगवा नकोसा होऊन तिनें बार्नमशीं असलेला करारही संपविला.

१८८३ सालीं लंडनचें रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक निघालें, तेव्हां ती तेथें गायनाची प्राध्यापिका झाली. २ नोव्हेंबर १८८७ रोजीं तिचें देहावसान झालें. तिच्या आवाजाचें एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं. तो स्वर हवेंत विरला. शाळा, शिष्यवृत्ति व शिष्यिणी मागें राहिल्या.

पालकहो, शालान्त परीक्षेचें वर्ष आलें कीं आपण प्रथम मुलीचें गाणें बंद करितां, आणि पुष्कळदां तें कायमचेंच बंद होतें. आपली मुलगी जेनी लिंड होणार नाहीं, हें खरें. पण प्रभूच्या दृष्टांतांत ज्याच्याकडे सर्वांत थोडें धन सोपविलें होतें, त्यालाच तें पुरून ठेवण्याचा मोह झाला, हें विसरूं नये. रोज अर्धा घटका रियाझ केल्यानें गणित बुडत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, स्नेहसंमेलनांतील टाळ्या ऐकून आपल्याला गातां येतें असें समजूं नका. गुरुजींनीं "आतां गप्प बसा, पुनः पहिल्यापासून" असें म्हटलें तर रुसूं नका. जेनीच्या वैभवाचा पाया त्या सहा आठवड्यांच्या मौनांत घातला गेला होता.