पाचरीच्या आकाराच्या त्या गाड्या आपणच वाचवायच्या

ऐंशीच्या दशकात जपानने काही अफलातून गाड्या रस्त्यावर आणल्या. दोन दारं, जमिनीलगतचं नाक, मागे चढत जाणारी धारदार रेघ. बाजूने पाहिलं की वाटावं, कुणीतरी लोखंडाची पाचर ठोकूनच चाकांवर ठेवली आहे! सुबारू अल्सिओन, इसुझू पियाझा, निसान एक्झा, मित्सुबिशी स्टॅरियन, टोयोटा एमआरटू. ही नावं वाचून ज्यांचे डोळे चमकले त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना ती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी तर तो अधिकच आहे, कारण या गाड्या संपत चालल्या आहेत आणि त्यांना ओळखणारी माणसं वाढल्याशिवाय त्या वाचणार नाहीत.

संपत चालल्या आहेत म्हणजे कशा? रोज थोड्या थोड्या. एखाद्या अंगणात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचा तळ गंजतो. मागच्या दिव्याची काच फुटते आणि दुसरी मिळत नाही. मालक थकतो, मुलांना जागा मोकळी करून हवी असते, भंगारवाला दारात येतो. कुणाचाच हेतू वाईट नसतो. तरी एक गाडी कमी होते.

आधी हे पाहू, की या गाड्यांमध्ये एवढं आहे तरी काय.

पाचरीचा आकार मूळचा इटलीचा. १९६८ साली बेर्तोने या कारखान्यासाठी मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखाटलेली अल्फा रोमिओ काराबो, मग १९७० ची लान्चिया स्ट्रॅटोस झीरो. ती प्रदर्शनांतली स्वप्नं होती. हा आकार पुढे महागड्या गाड्यांमध्ये आला, पण नोकरदार माणसाने त्याकडे फक्त बघायचं होतं. जपानी कंपन्यांनी ते स्वप्न उचललं आणि घरगुती गाडीच्या इंजिनावर, घरगुती गाडीच्या सांगाड्यावर चढवून सामान्य गिऱ्हाइकापुढे ठेवलं. या गाड्यांचं खरं मोठेपण यातच आहे.

अल्सिओनच बघा. १९८५ साली आली, अमेरिकेत तिचं नाव एक्सटी. आतला बराचसा संसार सुबारूच्या साध्या लिओनेचा. पण रूप? हवेला होणारा अडथळा मोजणारा तिचा आकडा ०.२९, त्या काळच्या रस्त्यावरच्या गाड्यांत अतिशय कमी. त्यासाठी दाराच्या मुठी पत्र्याच्या पातळीत लपवल्या आणि समोरच्या काचेवर दोनऐवजी एकच मोठा वायपर बसवला. आत बसलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये आल्यासारखं वाटतं. स्टिअरिंगचे दांडे एका बाजूला झुकलेले, गिअरची मूठ वैमानिकाच्या हातात शोभावी अशी. स्टिअरिंग वर-खाली केलं की समोरचे मीटरही त्याच्याबरोबर सरकतात. टर्बो आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असलेल्या गाडीला तर हवेवर चालणारं सस्पेन्शन होतं. खडबडीत रस्ता आला की बटण दाबून गाडी उंच करायची!

पियाझाची गोष्ट आणखी वेगळी. इटलीचे डिझायनर जॉर्जेतो जुजारो यांनी १९७९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात इसुझूसाठी एक नमुना ठेवला. असे नमुने कारखान्यात जाता जाता बोथट होतात. हिचं तसं झालं नाही. १९८१ साली बाजारात आलेली पियाझा त्या नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. दिवे, वायपर, वातानुकूलन यांची बटणं स्टिअरिंगच्या दोन बाजूंना, हात न हलवता बोटांशी यावीत अशी. ज्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आपल्याकडच्या कॉन्टेसा क्लासिकमध्ये धावलं, त्याच कंपनीची ही कलाकृती.

निसान एक्झाचा मागचा टोप काढून दुसरा बसवता येईल अशी रचना होती. एका टोपाने ती कूपे दिसायची, दुसऱ्याने स्टेशन वॅगन. टोयोटाने १९८४ साली कोरोलाच्या कुळातलं १.६ लिटरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलं आणि एमआरटू घडवली. मोठ्या संख्येने बनलेली जपानची ती पहिली मिड-इंजिन गाडी, आणि त्या वर्षीची जपानची ‘कार ऑफ द इयर’ही.

आणि ते उघडझाप करणारे दिवे! अंधार पडला की बॉनेटमधून वर येणारे, काम संपलं की गुडुप होणारे. अमेरिकेत दिव्यांच्या उंचीचा नियम होता आणि नाक तर खाली हवं होतं, तिथे ही युक्ती कामी आली. पुढे पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम आले, दिवे लहान झाले आणि २००४ नंतर मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांतून ही तऱ्हाच गेली. आता ती नव्याने कुठे दिसणार नाही. आहे ती या जुन्या गाड्यांमध्येच.

मग एवढ्या गुणी गाड्या संपतात का?

पहिलं कारण त्यांच्या जन्माच्या वेळचंच. सप्टेंबर १९८५ मध्ये चलनांच्या दरांविषयीचा प्लाझा करार झाला आणि येन महागला. डॉलरला सुमारे २४० येन मिळायचे, ते १९८८ पर्यंत १३० च्या आसपास आले. अमेरिकेत या गाड्यांच्या किमती चढल्या आणि खप मंदावला. जिथे मुळात गाड्या कमी, तिथे उरलेल्या आणखी कमी.

दुसरं कारण नियमांचं. जपानमध्ये पेट्रोलची गाडी १३ वर्षांची झाली की तिचा वार्षिक कर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. शिवाय दर दोन वर्षांनी कडक तपासणी. २००९ मध्ये तर सरकारने १३ वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढून इंधन वाचवणारी नवी घेणाऱ्याला अडीच लाख येनपर्यंत अनुदान देऊ केलं. पर्यावरणाच्या दृष्टीने त्यात समजण्यासारखं काही होतं. पण मोडीत काढताना अल्सिओन कोणती आणि रोजची सेडान कोणती, हे कोण बघणार?

तिसरं कारण सुट्या भागांचं. इंजिन, ब्रेक, गिअर यांचे पुष्कळसे भाग घरगुती गाड्यांशी मिळतेजुळते असल्याने अजून जमवता येतात. अडतं ते त्या गाडीचं जे खास आहे तिथे: काचा, दिव्यांच्या मोटरी, दारांचं रबर, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, डिजिटल मीटरचे सर्किट. जे या गाड्यांना वेगळं करतं, तेच आधी मोडतं. इसुझूने तर नव्वदच्या दशकात स्वतःच्या सेडान आणि कूपे बनवणंच थांबवलं. पियाझाच्या मालकाने दाद मागायची कुणाकडे?

चौथं कारण आपण स्वतः. फेरारी वाचते, कारण ती पहिल्या दिवसापासून मौल्यवान असते. सर्वसामान्यांच्या गाडीला कुणी वारसा म्हणत नाही. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. हजारोंनी धावत होती तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची रस्त्यावरून उतरली, तेव्हा निदान एक तरी जपून ठेवा, अशी हाक आपण दिली. या गाड्यांच्या बाबतीत ती हाक थोडी आधी देऊ या.

काहीजण म्हणतील, जुन्या गाड्या धूर सोडतात, त्या जाऊ द्या. सगळ्या जुन्या गाड्या रोज रस्त्यावर धावाव्यात असं आपलं म्हणणं नाहीच. प्रत्येक नमुन्याच्या काही गाड्या नीट जपाव्यात, अधूनमधून चालवाव्यात, पुढच्या पिढीच्या डिझायनरांना हाताने चाचपून पाहता याव्यात, एवढंच. टोयोटाने २०२३ च्या टोकियो ऑटो सलोनमध्ये एई ८६ या आपल्या जुन्या गाडीचे दोन नमुने दाखवले, एक हायड्रोजनवर चालणारा, दुसरा बॅटरीवर. जपणं आणि बदलणं यांचं वैर नाही.

आणि आशेची जागा मोठी आहे! हीच एई ८६ बघा. १९८३ ची कोरोला-स्प्रिंटरच्या कुळातली साधी गाडी. १९९५ मध्ये शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा सुरू झाली आणि तिच्या नायकाच्या हाती ही गाडी होती. लोक तिच्या प्रेमात पडले. पुढे टोयोटाने जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा बनवण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्यात सुप्रापाठोपाठ एई ८६ चाही समावेश केला. माझ्दानेही जुन्या आरएक्स-७ चे भाग पुन्हा बनवायला घेतले. म्हणजे प्रेम आधी वाढलं, भाग नंतर आले. कंपन्या ऐकतात. ऐकवणारे पुरेसे हवेत.

तेव्हा आपण काय करू शकतो? पुष्कळ. गाडी दारात असायलाच हवी असं नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण जपानमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात राहतात. शेजारच्या अंगणात ताडपत्रीखाली अशी गाडी दिसली तर मालकाशी चार शब्द बोला. ती विकायची असेल तर भंगाराऐवजी त्या गाडीच्या मालकसंघाशी गाठ घालून द्या. मोडीत निघणं टळत नसेल, तर निदान दिवे, काचा, मीटर, रबर आधी काढून घ्यायला सांगा. एका मेलेल्या गाडीतून दोन-तीन जगू शकतात.

पुण्यात जपानी भाषा शिकण्याची मोठी परंपरा आहे. या गाड्यांची दुरुस्ती-पुस्तकं, वायरिंगचे नकाशे, माहितीपत्रकं पुष्कळदा फक्त जपानीत असतात. त्यातली दहा पानं भाषांतरित केली तरी जगाच्या दुसऱ्या टोकाला अडलेल्या मालकाची गाडी सुरू होऊ शकते. विद्यार्थ्यांना सरावासाठी याहून जिवंत मजकूर कुठला मिळेल?

अभियांत्रिकीच्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी तर हे खुलं मैदान आहे. तुटलेला प्लॅस्टिकचा तुकडा स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर पुन्हा घडवणं हा उत्तम प्रकल्प होऊ शकतो. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपांत आणि कोल्हापूरच्या फाउंड्रींत जे कसब आहे, त्याला रबराची पट्टी किंवा छोटा ओतीव भाग अवघड नाही. परदेशातला मालकसंघ आणि इथला कारागीर यांची गाठ कुणीतरी घालून द्यायची आहे. ते कुणीतरी आपणच असू.

जुन्या मेकॅनिकांना बोलतं करा. मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून ठेवा. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारा माणूस निवृत्त झाला की ती विद्याही त्याच्याबरोबर जाते.

जपानला जाणं झालं तर नागोयाजवळ नागाकुते इथलं टोयोटाचं मोटार संग्रहालय आणि हिरोशिमातलं माझ्दाचं संग्रहालय जरूर पाहा, मुलांना दाखवा. आणि कंपन्यांना पत्रं लिहा. सभ्य, नेमकी, सहीनिशी: अमुक गाडीचा अमुक भाग हवा आहे, आम्ही इतके जण आहोत. भाग पुन्हा बनले की मालक मित्रांनी ते विकत घ्यावेत, कारण खप झाला तरच पुढचा भाग बनेल.

यातलं एकही काम एकट्याच्या खांद्यावर टाकण्यासारखं नाही, आणि एकही असं नाही जे आपल्याला जमणार नाही. सामान्य माणसासाठी कुणीतरी एकदा एवढी हिंमत केली, तर ती टिकवण्याची हिंमत सामान्य माणसांनीच करायला हवी. येत्या रविवारी वरच्यापैकी एक काम उचला: एक फोन, एक पान, एक पत्र. आणि तुमच्यासारखाच गाडीवेडा असलेला एक मित्र सोबत घ्या. आपण दोघे-दोघे करत वाढलो, की त्या गाड्याही उरतील आणि चालतीलही!