चांदीवरचा मजकूर

चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या पलीकडे गेल्यापासून सराफांच्या पेढ्यांवर जी निराळीच वर्दळ दिसू लागली आहे, तिच्यात घेणाऱ्यांपेक्षा मोडीत घालणाऱ्यांचीच संख्या अधिक आहे, हे तेथे घटकाभर बसणाऱ्या कोणाच्याही ध्यानात यावे. गेल्या हिवाळ्यात एका परिचित पेढीवर मी असाच बसलो असता एक मध्यमवयीन गृहस्थ आले आणि त्यांनी कापडी पिशवीतून पानाचा डबा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, दोन वाट्या आणि सर्वांत शेवटी, काहीशा संकोचाने, वीतभर उंचीचा दोन कानांचा एक करंडक काढून समोर ठेवला. सराफांनी त्याची लाकडी बैठक उपटली, आतली राळ ठोकून काढली, तो काट्यावर ठेवला आणि घट वजा जाता दोनशेवीस ग्रॅम भरतात असे सांगितले. त्याच्या पोटावर काही मजकूर कोरलेला दिसतो, तो आपण वाचलात काय, असे मी विचारताच ते हसून म्हणाले, "अहो काका, मजकुराला वजन नसतं."

सराफांचे म्हणणे व्यवहारदृष्ट्या बिनतोड होते. किंबहुना अक्षरे कोरताना गुंजभर चांदी कमीच झालेली असणार, तेव्हा मजकुराने वजनात घटच आणलेली असते. मी तो करंडक मोडीच्या भावाने विकत घेतला. त्यावरील मजकूर मल्लखांबाच्या एका सामन्यातील दुसऱ्या क्रमांकाविषयी होता. खाली विजेत्याचे नाव होते आणि साल होते, पण वर्षानुवर्षे राखुंडीने घासून घासून सालाचा शेवटचा आकडा पार झिजून गेला होता.

ज्या चांदीवर कोणाचे नाव आहे तिला केवळ चांदी समजण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, तो मला मान्य नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे. आपण सनदा जपतो, जुनी खते जपतो, वतनाच्या वादात पणजोबांनी केलेल्या अर्जाची जीर्ण नक्कल बासनात बांधून ठेवतो. परंतु त्याच पणजोबांना गावाने दिलेले चांदीचे तबक मात्र मुलीच्या लग्नात निःशंक मनाने मुशीत जाते, जणू कागदावरचा मजकूर तेवढा दस्तऐवज आणि धातूवरचा मजकूर निव्वळ नक्षी.

वास्तविक आपल्या भाषेने या वस्तूंचे गोत्र फार चांगले जपले आहे. संस्कृतातील करंड म्हणजे वेळूची टोपली. तीच फळवाल्याकडे करंडी झाली, देव्हाऱ्यापाशी कुंकवाचा करंडा झाली आणि क्रीडांगणावर रणजी करंडक झाली. पेला आणि पेटी यांना एकच नाव कसे मिळाले, याविषयी माझा तर्क असा की, थोर पुरुषास मानपत्र द्यावयाचे ते गुंडाळून चांदीच्या नक्षीदार नळकांड्यात किंवा डबीत घालून द्यावयाचे, अशी जी रीत एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत रूढ होती, तीत करंडक हा शब्द सन्मानाच्या चांदीशी जोडला गेला आणि पुढे मानपत्र गळून पडले तरी शब्द राहिला. पदकाचीही कथा तशीच. आज ते छातीवर लावतात, पूर्वी तो गळ्यातला अलंकार होता.

या मानपत्री करंडकांच्या दोन परस्परविरुद्ध गती मला नेहमी आठवतात. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज मुंबईस उतरले व पुढील काही महिने हिंदुस्थानभर हिंडले, तेव्हा संस्थानिकांनी आणि शहरोशहरच्या मंडळींनी त्यांना जे नजराणे व मानपत्रांचे करंडक अर्पण केले, त्यांतील पुष्कळसे तेथील राजसंग्रहात आजही फेरिस्तवार नांदत आहेत. उलट १९३३-३४ च्या हरिजन दौऱ्यात गांधीजी स्वतःस मिळालेली मानपत्रे आणि त्यांचे करंडक त्याच सभेत लिलावास काढीत आणि येणारी रक्कम निधीत जमा करीत. एकीकडे जामदारखाना, दुसरीकडे लिलाव; तरीही त्या लिलावाविषयी माझी तक्रार नाही, कारण तेथे बोली चांदीच्या तोळ्यांवर लागत नसे.

संग्राहकांच्या जगात डब्यांचे प्रकरण सर्वांत रम्य आहे, आणि त्यातही इंग्रजी डब्यांचे, कारण त्यांच्याइतका हिशेबी धातू जगात दुसरा नसेल. लंडनच्या सोनारांच्या संघाने १४७८ पासून दरसाल एक अक्षर ठरवून ते तपासलेल्या प्रत्येक जिनसेवर ठोकण्याची शिस्त लावली. १५४४ पासून चालत्या सिंहाचा शिक्का आला. १७७३ मध्ये बर्मिंगहॅमला नांगराचे आणि शेफील्डला मुकुटाचे चिन्ह मिळाले. १७८४ पासून १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तकही उमटू लागले. अंगठ्याएवढ्या तपकिरीच्या डबीच्या आत हे सर्व शिक्के ओळीने बसलेले असतात आणि भिंग डोळ्यास लावणाऱ्यास ती कोणत्या साली, कोणत्या शहरात आणि कोणाच्या कारखान्यातून तपासास गेली हे निमूटपणे सांगतात. बर्मिंगहॅमच्या नॅथॅनियल मिल्सने झाकणावर विंडसर किंवा वॉरिक येथील किल्ल्यांचे उठावदार देखावे काढलेल्या डब्या आज लिलावात वजनाच्या कितीतरी पट किंमत मिळवतात. त्यात कारागिरीचा वाटा आहेच, पण शिक्क्यांनी दिलेल्या नाव-गाव-सालाचाही आहे, हे विसरता कामा नये.

आपल्याकडील डब्याला असले कुलवृत्तांत सांगता येत नाहीत. भुजच्या उमरसी मावजींसारखा एखादा थोर कारागीर आपली अक्षरे ठोकीत असे, मद्रासच्या पी. ऑर किंवा कलकत्त्याच्या हॅमिल्टन यांसारख्या पेढ्यांची नावे आढळतात. पण घरोघरीचे पानाचे डबे, चौफुले, करंडे हे गावच्या सोनाराने मुके घडवलेले. गिऱ्हाईक रुपये मोजून देई आणि सोनार तेच आटवून डबा घडवी. पूर्वीचा रुपया बरोबर एका तोळ्याचा आणि बारा भागांतले अकरा भाग चांदीचा असल्याने हिशेब सोपा होता, वजनाच्या मापालाही रुपयाच चाले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि ही घरगुती टांकसाळ बंद पडली. त्यामुळे आपल्या मुक्या डब्यावर जेव्हा एखादे नाव, एखादी तिथी, 'चि. सौ. कां.' अशी चार अक्षरे सुईच्या टोकाने टोचलेली आढळतात, तेव्हा तीच त्याची जन्मपत्रिका असते. दुसरा पुरावा नाही.

आणि नेमकी तीच पुसण्याचा उद्योग चालतो. जुन्या चांदीचे काही व्यापारी परक्याचे नाव असलेली वस्तू गिऱ्हाईक घेत नाही म्हणून मजकूर घासून काढतात आणि 'मोकळी जागा' म्हणून तेथे नव्या मालकाचे नाव घालून देतात. पारखी माणसाला हे लपत नाही. घासलेल्या ठिकाणी पत्रा पातळ होतो, आतून अंगठा फिरवला की तो दबल्यासारखा लागतो, आणि पृष्ठभागावर नुसती तोंडाची वाफ सोडली तरी पुसलेल्या जागेची कड क्षणभर उमटून जाते. ज्या संग्राहकाने दुसऱ्याचे नाव पुसून आपले घातले त्याला संग्राहक म्हणू नये. सुसंस्कृत मराठीत त्याच्यासाठी शब्द नाही, असंस्कृत मराठीत आहे.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचा हक्क नोंदवला आणि तेव्हापासून तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रणावर चांदीची पातळ झिलई दिलेल्या करंडकांचा सुकाळ झाला. त्यांच्या बुडाशी 'ईपीएनएस' अशी अक्षरे असतात, ती पाहून भोळे लोक अस्सल चांदीची खूण मिळाली म्हणून हरखतात. पण काळाने या नकली करंडकांवर विलक्षण मेहेरबानी केली: त्यांना आटवून काहीच हाती लागत नसल्याने ते शाळांच्या कपाटांतून आणि जिमखान्यांच्या फळ्यांवरून जसेच्या तसे उभे आहेत, आणि अस्सल चांदीचे मात्र गेले. इंग्लंडातील फुटबॉलच्या एफ.ए. स्पर्धेचा मूळ चषक १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका दुकानाच्या काचेआडून चोरीस गेला. १९५८ मध्ये एका वृद्धाने आपण तो आटवून त्याची खोटी नाणी पाडल्याचे कबूल केले. फुटबॉलच्या जागतिक विजेतेपदाचा झ्यूल रिमे करंडक, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा, १९८३ मध्ये रिओ येथून चोरीस गेला तो पुन्हा दिसला नाही. (आजचे ऑलिंपिकचे सुवर्णपदकही पोटात चांदीच असते; वर सहाएक ग्रॅम सोने.) कुऱ्हाड प्रथम सरळ खोडावर पडते म्हणतात, ते धातूंनाही लागू आहे.

परंतु मन खरोखर अस्वस्थ होते ते पदकांपाशी. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने जे युद्धपदक दिले ते लढणाऱ्या शिपायाला चांदीचे आणि मजूर पथकातल्यांना ब्राँझचे होते. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ही बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असत. साताऱ्याजवळच्या, लोक ज्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात त्या गावासारख्या गावांतून, मराठा पलटणींत भरती होऊन शिपाई मेसोपोटेमियात गेले. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तेथील फौज उपासमारीने शरण गेली. त्या आघाडीवर मेलेल्यांचे स्मारक बसऱ्यास उभारले तेव्हा हिंदी अधिकाऱ्यांची नावे दगडात कोरण्यात आली, साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या देऊन भागवण्यात आले. म्हणजे ज्या सरकारने दगडावर नाव नाकारले त्याच सरकारने घरी पाठवलेल्या रुपयाहून थोड्या मोठ्या चकतीच्या कडेवर ते ठोकून दिले होते, आणि कित्येक घरांत त्या माणसाचा सरकारदरबारी उमटलेला एवढाच मजकूर होता.

त्या चकत्यांचे काय झाले? टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदी साठवून बाजार वेठीस धरला आणि जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला, तेव्हा या पदकांतील औंसभर चांदीची किंमत संग्राहक सामान्य शिपायाच्या पदकासाठी देत त्याहून अधिक झाली आणि विलायतेत असंख्य पदके भट्टीत गेली. आपल्याकडे त्यासाठी हंट बंधूंची वाट पाहावी लागली नाही. कडी कापून टाकलेले आणि लहान मुलाच्या गळ्यातल्या गोफात ओवलेले असे एक पदक मी स्वतः पाहिले आहे. मुलाच्या आजीला ते 'राजाचे नाणे' म्हणून ठाऊक होते. त्याचा मला राग आला नाही, कारण ते निदान घरात होते. आणि कडेवरची अक्षरे शाबूत होती.

परक्याचे शौर्य विकत घ्यावे काय, असा एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानीत नाही. गळ्यात चार पदके असलेल्या माणसाची चारही वेगळी करून चार गिऱ्हाइकांस विकणारा व्यापारी मला खिसेकापूहून फारसा निराळा वाटत नाही. शिवाय यातील पुष्कळ सन्मान राजनिष्ठेचे होते, ते जपावेत कशाला, असेही विचारले जाते. गांधीजींनी १९२० मध्ये कैसर-ए-हिंद हे सुवर्णपदक आणि झुलू व बोअर युद्धांतील सेवेची दोन पदके सरकारास परत केली. पण त्यांनी ती परत केली, आटवली नाहीत, कारण परत करण्यातला अर्थ पदकावरच्या मजकुराशी बांधलेला होता. अप्रिय सनदाही दफ्तरात ठेवाव्याच लागतात. वारसांनी टाकलेले पदक भट्टीत जाण्यापेक्षा परक्याच्या पेटीत राहिलेले बरे. फक्त त्या परक्याने स्वतःस मालक न समजता कारकून समजावे.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी इसमाने परदेशी पाठवू नये असा १९७२ चा कायदा आहे. तो सीमा राखतो, मूस राखीत नाही, आणि कोणाच्या घरच्या चांदीला सरकारी पहारा बसवावा असे मीही म्हणणार नाही. माझे मागणे लहान आहे. सराफांनी नाव असलेला जिन्नस आटवण्यापूर्वी भ्रमणध्वनीने त्याची दोन छायाचित्रे घ्यावीत. एवीतेवी मोडीची पावती करतातच, तिच्यावर मजकुराची एक ओळ उतरून घ्यावी. ज्या शाळा, तालमी आणि नाट्यमंडळे फिरते करंडक जिंकतात त्यांनी तळाच्या पट्टीवरची नावे वहीत नक्कल करून ठेवावीत. आणि घरोघरीच्या गृहिणींना हात जोडून सांगावयाचे ते हे की, राखुंडी, चिंच आणि नवी पांढरी भुकटी या सर्वांचा मारा दसरा-दिवाळीला करू नये; चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकाने, तो काळेपणा मऊ फडक्याने निघतो, आणि अक्षरांच्या खाचेत उरलेला थोडा काळेपणाच त्यांना वाचनीय ठेवतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे गोळा करता करता लोकांची थट्टा सोसली आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. ते सर्वांना साधणारे नव्हे, पण एक वही सर्वांना साधते.

माझ्या मल्लखांबाच्या करंडकाला मी नवी बैठक करून घेतली आहे. विजेत्याच्या आडनावाची तीन घरे मी शोधून काढली, तिन्हीकडे असा कोणी ठाऊक नाही. साल तिसाच्या दशकातले, एवढेच ठरते. शेवटच्या आकड्याच्या जागी उन्हात तिरपे धरले तर कधी चार दिसतो, कधी नऊ. परवा त्या सराफांचा दूरध्वनी आला होता. "काका, तुमच्या कामाचं एक आलंय, काहीतरी लिहिलेलं आहे त्याच्यावर," ते म्हणाले, "पण पाचच्या आत या, नंतर माल आटणीला जातो."