वाळूच्या पंचनाम्यात हाडांचा रकाना नाही

मंडळी, वाळूच्या बातम्या लिहून माझी वीस वर्षं गेली. किती ब्रास उपसली, किती हायवा पकडले, किती दंड ठोकला. पण वाळूसोबत आणखी एक गोष्ट जाते, तिची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नसते. हजारो वर्षांपूर्वीची हाडं.

थट्टा नाही ही. लातूर जिल्ह्यात हरवाडीजवळ मांजरेच्या पात्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्ती, पाणघोडा, रानगुरं यांची दगड झालेली हाडं सापडली. गोदावरीच्या गाळातल्या पुराण्या हत्तीची नोंद तर १९०५ सालीच झालीय, नांदूर मध्यमेश्वरची.

हाडाचा दगड होणं सोपं नाही. जनावर उघड्यावर मेलं की तरस-गिधाडं तुटून पडतात. उरलेलं हाड ऊन-पावसात तडकतं आणि काही वर्षांत त्याची माती होते. पण नेमका त्याच वेळी पूर आला, गाळ-वाळूचा थर वर बसला, तर हाड वाचतं. मग जमिनीतलं पाणी चुन्यासारखी खनिजं घेऊन हाडाच्या बारीक छिद्रांत झिरपतं. हजारो वर्षांत हाड जड होतं, दगडासारखं. लाखात एखाद्याच्या नशिबी हे येतं.

आता गोम बघा. नदीनं हाडं पुरली तिथंच वाळू-गोटेही साठवले. आपली पोकलेन नेमकी तिथंच लागते. वीटभट्टीसाठी काठ कापतात, तेही तेच जुने थर. बकेटमध्ये हाड आलं तरी ओळखणार कोण?

कुणी म्हणेल, "दगडाच्या हाडांनी पोट भरतं का?" रास्त प्रश्न आहे. पण पाणघोड्याला बारमाही पाणी लागतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच मांजरेत एकेकाळी पाणघोडे डुंबत होते. पाऊस, नदी, गवत कसं बदलत गेलं याचा हा सातबारा आहे, आणि तो आपण हायवात भरून विकतोय. वाळू पुढच्या पुरात थोडीफार परत येईल. हाड येणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं भूवारसा जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा काढला होता. दिल्लीचं दिल्ली बघेल. आपल्या हातातलं सांगतो. घाटाचा लिलाव करण्याआधी प्रशासनानं जाणकाराकडून पात्र आणि काठ तपासून घ्यावा. पंचनाम्यात एक रकाना वाढवावा. आणि तुम्हाला असं जड, दगडी हाड दिसलं तर उचलून घरी नेऊ नका. ते कोणत्या थरात होतं, यावरच त्याचं वय कळतं. थरासकट फोटो काढा, तलाठ्याला आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगोल किंवा भूगर्भशास्त्राच्या सरांना कळवा.

नदीकाठच्या गावकऱ्यांपर्यंत एवढं पोचवा. पटलं नसेल तर खाली बिनधास्त भांडा.